हजेरी

दारव्ह्याच्या पुढे, शकुंतलेचे रूळ जिथे बाभळीत शिरतात,
तिथे मालिकावाल्यांनी एकोणीसशे एकतीस उभं केलं.
आठ पाळण्यांचा लाकडी राहाट, ठिगळांचा तंबू,
बोलणाऱ्या मुंडक्याचा खेळ, गॅसबत्त्या,
आणि धूळ.
धूळ पुण्याहून आली, गोण्यांत.
पराटी उपटलेल्या वावरात, घोट्यापर्यंत मातीत उभा राहून
मी त्या गोण्यांच्या पावतीवर सही केली.

माझं काम हजेरीचं.
गावातली माणसं सकाळी सातला मंदीतली माणसं व्हायची.
पाचशे रुपये रोज, हिशोब शेवटी.
मोबाईल पिशवीत, घड्याळं काढून,
कोणाच्या पायात निळी स्लीपर दिसली की साहेब ओरडायचा.
"चेहऱ्यावर भूक आणा," म्हणायचा,
आणि पोहे खाऊन आलेले लोक जमेल तशी आणायचे.
रामकोर काकूला फार जमायची.
तिला पुढच्या रांगेत घेतलं.

मालिकेतली गोष्ट अशी, की जत्रेतला एक पोरगा
राहाटाच्या पार टोकाला गेला की त्याला पुढचं दिसतं,
आणि पाळणा खाली येईस्तोवर तो ते विसरतो.
अकोल्याचा मुलगा होता, आठवीतला. दिवसभर वर-खाली.
एकदा कॅमेरा बंद असताना वरून ओरडला,
"काका, ट्रक आले, सामान भरतायत!"
रस्त्यावर एक शेळी होती फक्त.
खाली उतरल्यावर म्हणाला, मी कुठे काय बोललो?

चौथ्या रात्री हजेरी जुळेना.
दोनशे बारा नावं, दोनशे बारा सह्या,
डोकी दोनशे तेरा.
ती मुंडक्याच्या तंबूमागे उकिडवी बसली होती.
आमच्या पेटीतली लुगडी चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली;
हिचं आपलंआपण जुनं झालेलं.

नाव?
"पुंजी. मुंडकं मीच व्हावो."
कोणत्या गावची?
"मालकासंगं फिरे, बावा. कापसाचा भाव पडला,
दोन पैशाचं तिकीट कोनी काढे ना.
मालकानं रातोरात बैल जुंपले, मूर्तिजापूरकडे गेला.
मी टेबलाखाली. गळ्यापासून खाली आरसे लावेल.
खेळ सरला म्हनून मले कोनी सांगतलंच नाई."

मी काही बोललो नाही. बत्ती सूं सूं करत होती.

"सात खेळाचे राह्यले. दोन आने खेळाचे."

मी खिशातली पाचशेची नोट पुढे केली.
"कागद नको. अंगठा कागदावरच देल्ला होता मी."

मग मी सामानवाल्यांची पेटी उघडली,
जिच्यात राजाचं तोंड छापलेले पत्र्याचे आणे होते,
आणि तिच्या तळव्यावर दोन-दोन आण्यांची सात नाणी
एक-एक म्हणत ठेवली.
तिनं एक दगडावर वाजवून पाहिलं.
"खोटं हाय."
हो.
"त्यानंबी खोटेच देल्ले असते," ती म्हणाली,
आणि पदराच्या गाठीत सातही बांधले,
घट्ट, दातांनी.

नवव्या रात्री ट्रक आले.
सकाळी वावरात राहाट तेवढा उरला, न्यायला महाग म्हणून,
आणि पुण्याची धूळ, जी आता वेगळी काढता येत नव्हती.
साहेबाचा फोन लागतो, उचलत नाही कोणी.
तीन सुतार, दोन आचारी, आख्खं गाव माझ्या दारात.
रामकोर काकू ओट्यावर बसते, काही मागत नाही,
नुसती चेहऱ्यावर ते आणते.

रजिस्टर माझ्याकडेच आहे. उशाखाली ठेवतो.
दोनशे बारा नावांपुढची रकान्यांची पांढरी रांग,
आणि सर्वांत खाली, शाईनं काळ्या झालेल्या एका अंगठ्याशेजारी
माझ्याच अक्षरात एक शब्द :
पावले.