बासष्ट टक्के

मेडिकलची रक्तपेढी, मे महिन्यातली रात्रपाळी.
कूलरच्या खसाचा वास, त्याखाली स्पिरिटचा.
तेजल उईके मोबाईल आडवा बसवते
पांढऱ्या टाइलच्या बरोबर वर.

टाइलवर तीन थेंब.
निळा ए-साठी, पिवळा बी-साठी,
डी-चा पाण्यासारखा, त्याला रंगच नाही.
त्यांत रक्त कालवायचं, काडीनं पसरायचं,
टाइल हलवायची, आई सूप हलवायची तशी,
मनगटातून.
दाणे पडले तर आहे. सपाट राहिलं तर नाही.
सत्तावीस वर्षं मी हे डोळ्यांनी वाचलं.

"मुंग्या सोडल्या मॅडम आत," ती म्हणते,
"खऱ्या नाही, आकड्यांच्या.
जिथं रंग एकदम बदलते तिथं त्या वास ठेवतात,
मागची त्याच वासानं येते,
अन् दाण्याची कड निघते आपोआप."
म्हटलं, मुंग्या मला नको शिकवू बाई,
माझ्या डब्यातल्या लाडवाचा पत्ता
त्यांना अजनीपासून ठाऊक आहे.
हसली. मग फोटो दाखवले, अकराशे,
प्रत्येकाखाली मी सांगितलेलं:
बी, ओ, ओ, एबी, ए.
हिवाळाभर माझी नजर
तिनं कणाकणानं उचलून नेली होती.

तीनला भिवापूरचा एक काका आला,
सिकलसेलच्या पुतण्यासाठी रक्त द्यायला.
ए सपाट. बी-त रव्यासारखे दाणे.
डी सपाट. मी पेन उचललं.
पडद्यावर आलं:
डी, बासष्ट टक्के. सांगता येत नाही.

इतकं साधं वाक्य.
माझ्या रजिस्टरला त्याचा रकाना कधीच नव्हता.
पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, सही.
एका दिवाळीच्या रात्री मी अशीच सही केली,
डोळे मिटत असताना.
ती पिशवी कोणाला लागली, विचारलं नाही.
अजून विचारलेलं नाही.

"बंद करू का?" तेजल ओशाळली, "बिचकून राहिलं ते."
राहू दे, म्हटलं. बिचकू दे.
ट्यूब काढली, सदतीसवर ठेवली.
काका बाकावर बसल्या बसल्या झोपला,
बाही दुमडलेलीच.
मग धुतलं, पुन्हा धुतलं, शेवटचा थेंब घातला,
ट्यूब दिव्यासमोर तिरपी धरली.
तळाशी काहीतरी,
एकमेकांना धरून,
की माझ्याच चष्म्यावरचं?

"काय लिहू, मॅडम?"
मी स्टुलावरून उठले.
ये, म्हटलं, आधी तू बघ.