दीडशे ते सहाशे

बागमारांच्या हर्षलने काउंटरवर दोन डबे ठेवले.
दोन्ही लेन्स दीडशे ते सहाशे.
दोन्ही परक्या घरच्या. कॅमेरा ज्या कंपनीचा
तिचीच घ्यायची म्हटली तर अर्धी ग्रॅच्युइटी
आणि वर माझं गंठण.
“काकू, या दोघींत डावं-उजवं नाही,” तो म्हणाला,
“नाणं उडवा.”

नाणं?
मी नोटांच्या घरातली.
एकतीस वर्षं नाशिकरोडला, प्रेसमध्ये,
तपासणी विभाग, टेबल सात.
सारख्यातलं वेगळं शोधायचा पगार होता मला.
नव्व्याण्णव पानांवर तोच चष्मा, तेच हसू
आणि शंभराव्यावर शाई केसभर सरकलेली.
बोटाला आधी कळायचं, डोळ्याला मागून.

म्हणून दोन्ही मागून आणल्या, एका दिवसाच्या बोलीवर,
आणि जावयाची गाडी.

पहाटे निफाड ओलांडलं.
थंडी अशी, की द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचा धूरसुद्धा
जमिनीला धरून बसलेला, उठायला तयार नाही.
चापडगावच्या बांधावर सोपानने स्टूल मांडून दिलं.
म्हणाला, भोवत्या आज जवळून जाईल.

पहिली लावली. मग दुसरी. मग परत पहिली.
एक सत्तर ग्रॅमने जड,
म्हणजे एका लिंबाएवढी.
एकीची रिंग डावीकडे फिरवली की पाखरू जवळ येतं,
दुसरीची उजवीकडे.
एक खाली धरली की आपोआप लांबते,
पेंगणाऱ्या माणसाच्या मानेसारखी.
दुसरीत कडेचं गवत जरा भुरकट;
पण गवत बघायला कोण आलंय?

भोवत्या आला.
पाणकणसांवरून, पंख न हलवता,
इतका खाली की चांदव्यांनी माना आत घेतल्या.
मी रिंग उलटी फिरवली.
तो झर्रकन लांब गेला, ठिपका झाला.
“मिळाला का?” सोपान म्हणाला.
मी हो म्हटलं.
त्या वेळी कोणती लावली होती
तेही आठवेना.

गेल्या दिवाळीत गायधनी डॉक्टरांनी असंच विचारलं होतं:
देशी बसवू की बाहेरची?
फरक काय, म्हटलं.
ते जरा थांबले. म्हणाले, किमतीचा.
तेव्हापासून उजव्या डोळ्यात माझ्या
परकं भिंग आहे,
आणि त्यातूनच बघून मी ठरवणार
परक्यांतली आपली कोणती.

संध्याकाळी शालिमारला परत.
हर्षलने दोन्हीचे फोटो मोठे करून
पडद्यावर शेजारी शेजारी लावले.
मी पर्समधून टेबल सातचं भिंग काढलं, काचेला टेकवलं.
तो हसला. “काकू, त्यातून नुसते ठिपके दिसतील.”
ठिपकेच दिसले.
लाल, हिरवे, निळे, दोन्हीकडे तेवढेच.

मग डबे भरताना
थर्माकोलच्या खाचेत दोन चिठ्ठ्या सापडल्या,
पोस्टाच्या तिकिटाएवढ्या.
कुठल्याशा लिपीत ‘तपासले’ असंच काही असणार,
खाली शिक्का.
एकीवर छापील, सरळ, चौकटीत बसलेला.
दुसरीवर हाताने मारलेला, तिरका,
अर्धा कागदाबाहेर गेलेला,
जेवणाच्या सुट्टीआधीचा शेवटचा असावा तसा.

आम्हीही टाकायचो बंडलात चिठ्ठी.
माझा नंबर दोनशे अठरा.
चूक निघाली की नंबर परत यायचा.
एकतीस वर्षांत दोनदा आला.
दोन्ही वेळा घरी कुणाला सांगितलं नाही.

“ही दे,” म्हटलं.
“काकू, ही चार हजारांनी महाग आहे,
वॉरंटीही कमी. आणि जड आहे बघा.”
असू दे.

त्याने माझ्या नोटा यंत्रात घातल्या.
फडफड सुरू झाली; मी सवयीने
मनात मोजत होते, त्याच्या एक पाऊल पुढे.
त्रेसष्टाव्या नोटेवर यंत्र अडखळलं,
लाल दिवा लागला.

“थांब,” म्हटलं. “ती इकडे दे.”