रात्री दहा-दहाचा जॉब

मे महिन्याची एकतीस तारीख. हिंगणा एमआयडीसी.
रात्री दीड वाजताही बाहेर अडतीस अंश,
सर्व्हर रूममध्ये अठरा.
मी शाल गुंडाळून बसलेय.
या गावात आज शाल घेतलेली
बहुधा मी एकटीच बाई.

पगाराचा रन अडकलाय.
एरवी चाळीस मिनिटांत उरकतो,
आज तीन तास झाले, एकसष्ट टक्क्यांवर बसलाय
डबक्यातल्या म्हशीसारखा,
शेपटी पिरगाळली तरी उठत नाही.
एचआरचे ढोमणे दर दहा मिनिटांनी फोन करतात,
"मॅडम, होऊन राह्यलं ना?"
होऊन राह्यलं, मी म्हणते.
अठराशे माणसांची फाइल सकाळी आठला बँकेत हवी.

मेमरी वाढवली. लटकलेली सेशन्स मारली.
पुण्याहून वेंडरचा पोरगा म्हणाला, रीस्टार्ट करा.
त्यांच्याकडे तो अंगारा आहे,
पोट दुखो की गुडघा, तोच लावायचा.

मग पाहिलं, डिस्क कोण खातंय.
एक जुना जॉब. दहा वाजून दहा मिनिटांनी सुटलेला.
नाव: शोध_१४. लिहिणारा: म. बारापात्रे. साल २०११.
गेटच्या पंचिंगचं टेबल
पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत
वाचत चाललाय, नऊ कोटी ओळी,
एका कार्ड नंबरासाठी.
४४७१.
(गेल्या शनिवारी बुटीबोरीच्या गेटचा सगळा जुना डेटा
याच टेबलात आणून ओतला. मीच.)

लॉग उघडला. काल: शून्य ओळी.
परवा: शून्य. मागे, मागे, जिथवर लॉग जातो
तिथवर शून्य.

जॉब थांबवला. म्हैस उठली.
बासष्ट. सत्तर. ढोमणेंना सांगितलं, चहा घ्या.
आता कायमचा काढूनच टाकावा म्हणून
बोट नेलं,
आणि का कोण जाणे, फोन लावला.

गोळीबार चौकात एक म्हातारा दुसऱ्या रिंगला बोलला.
"झोप कुठं येते बाप्पा मले. बोल."
सर, ४४७१.
बराच वेळ नुसता कूलरचा आवाज.
"फागू मसराम. भट्टीवरचा.
दुसरी पाळी करून निंगाला, घरी पोचलाच नाही.
सायकल इथंच राह्यली, स्टँडवर.
त्याची बायको आठ दिवस गेटवर उभी होती.
मी म्हटलं, कार्ड कुठंबी लागलं की मले कळन.
तिले तेवढं पुरलं."
मग जरा खाकरून,
"जड होत असन तर काढून टाक. मी काही म्हणत नाही."

त्यांचा बाप हातमागावर बसायचा,
तुटलेला धागा डोळे मिटून बोटांनी शोधायचा.
क्वेरीचा प्लॅन वाचायला शिकवताना
सर हे दरवेळी सांगायचे.
आणि स्वतःच्याच जॉबला इंडेक्स लावला नव्हता.
विसरले असतील.
किंवा त्यांना वाटलं असेल
एकेका ओळीला हात लावूनच पाहावं.

दोन वीसला पगार संपला.
मी कार्ड नंबरावर इंडेक्स बांधायला घेतला,
सव्वीस मिनिटं लागली.
पुन्हा सोडला जॉब:
डोळ्याचं पातं लवायच्या आत
नऊ कोटींतून जाऊन आला.
शून्य ओळी.

सापडलं तर मेल कुणाला जाईल, ते शेवटी पाहिलं.
बारापात्रे सरांचा कंपनीचा पत्ता.
ते निवृत्त झाले त्या संध्याकाळी
तो मीच बंद केला होता,
यादीतला चौथा.

म्हणजे इतकी वर्षं
फागू आला असता तरी
कुणालाच कळलं नसतं.

पत्ता खोडून माझा टाकला.
वर टीप लिहिली: हा जॉब काढू नये.
पुढे कारणासाठी रकाना होता, चाळीस अक्षरांचा.
लिहिलं: सायकल न्यायची राहिली आहे.