पांढर

डर्बीत, रेल्वेच्या कुंपणालगत,
एक्केचाळीस नंबरचा वाफा माझा, बेचाळीस रेबवारचा.
मी मेथी लावते. तो खणतो.
बटाट्याला लागतं त्याहून खोल खणतो,
समितीची पत्रं येतात त्याला.

काल चिलमीची पांढरी नळी निघाली,
निळ्या नक्षीच्या बशीचा तुकडा,
अर्धा नाल.
ओल्या पोत्यावर मांडून म्हणाला,
"दीड हात. फार तर दीडशे वर्षं.
पोरगं आहे हे गाव."

त्याचं गाव हवलेर.
तिथे घर पडलं की माती कुणी उपसली नाही,
त्याच मातीवर पुढचं घर.
असं करत गाव वर चढलं
आणि चढतोय असं कुणालाच वाटलं नाही.
तळाशी अर्बेला, इश्तारचं देऊळ,
लढाईआधी तिचा कौल घेणारे राजे;
त्यांच्या डोक्यावर कुणाकुणाची न्हाणीघरं, नमाज, भांडणं,
आणि अगदी वर, तोफखान्यात, त्याच्या आजीची चूल.

तोफखाना! मी खुरपं खाली ठेवलं.
नगरला माझी मावशी तोफखान्यातच राहायची.

मग मीही सांगितलं:
पिकते ती काळी, नांदते ती पांढर.
राख, शेण, हाडं, सारवणाचे पोपडे,
माणसं राहून राहून माती पांढरी होते.
त्यानं तो शब्द तीनदा म्हणवून घेतला.
"पांधर," म्हणाला. ढ काही जमला नाही.

किल्ला डागडुजीसाठी रिकामा केला तेव्हा
एकच कुटुंब वर ठेवलं होतं,
हजारो वर्षांची वस्ती एका रात्रीपुरतीही मोडू नये म्हणून.
"तुमचं?"
"छे. आम्ही गाद्या, कढई आणि आजी घेऊन उतरलो.
आजी उलटी उतरली, तोंड किल्ल्याकडे करून,
मी मागून तिची कंबर धरलेली.
खालच्या भाड्याच्या खोलीतून ती रोज विचारायची,
त्यांच्याकडे दिवा लागला का?
दिसायचा नाही. मी लागला म्हणायचो."

गाडी गेली. कुंपण थरथरलं.
त्यानं नळी, बशी, नाल पुन्हा खड्ड्यात ठेवले,
वर आपला तडकलेला चहाचा पेला,
आणि माझ्याकडे बघत राहिला.
माझ्याजवळ काय असणार?
हातातली एक काचेची बांगडी होती, हिरवी.

समितीचं पत्र आज पुन्हा आलं.
या खेपेला दोघांच्या नावे.