भाकड दिवस

शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर
बुगडेमामांकडून एक रिकामा खोका मागून आणला.
'काय भरणार ताई?'
'जुने कागद,' मी म्हणाले,
आणि ते खोटंही नव्हतं.

तळाला कादंबरी. नऊ वर्षं, दोनशे बारा पानं,
त्यातलं एकशे चाळिसावं सतरा वेळा लिहिलेलं.
तिच्यावर एकांकिका, जिला दुसरं पात्र मिळालंच नाही.
मग एका सुताराच्या बायकोची कथा, पहिलाच परिच्छेद.
मग नुसती शीर्षकं, वीजबिलांच्या पाठीवर,
एक केएमटीच्या तिकिटावर, घामानं पुसट झालेलं:
'पाण्याचा'
काय पाण्याचा?

हिंदुरावाला भरताना मात्र हात थांबला.
सहाव्या प्रकरणापासून तो शिवाजी पुलावर उभा आहे,
कठड्याला रेलून, पंचगंगेकडं बघत,
आणि मला चार वर्षं ठरवता येत नाही
की तो मागं फिरून बायकोकडं जाईल
की पुढं, पन्हाळ्याच्या वाटेनं.
पाय आखडले असतील.
छत्रीसुद्धा दिली नाही मी त्याला.
एका पुरात तर पूलच बंद होता,
पोलिसांनी दोर बांधलेला,
तरी हा आपला तिथंच.

'जा बाबा घरी,' म्हणाले
आणि सुतळीची गाठ मारली.

असं नाही की वाक्यं येत नव्हती.
यायची. पहाटे पाचला उठून बसलं की यायची,
चरकातून चौथ्यांदा घातलेल्या उसासारखी.
चिपाडावर चिपाड रचत होते मी
आणि काहिली धुऊन ठेवलेली, कोरडी ठणठणीत.

त्या रात्री गंगावेशीत दूध प्यायला गेले.
सर्जेरावाची एकच म्हैस कट्ट्याशी.
'दुसरी कुठाय?'
'आटवलीया तिला.'
'आजारी आहे?'
'न्हाय वो. गाभण हाय. दोन म्हैनं आता धार काढायची न्हाय.
तशीच पिळत बसलं तर पुढचं वेत हातचं जातंय.'
'पण आटवतात कशी?'
'आंबोण कमी करायचं. एक वक्ताची धार चुकवायची, मग दोन.
पहिलं चार दिस वरडतीया.
मग तिलाबी बरं वाटतंय.'

पेल्यातला फेस बसेपर्यंत मी नुसती उभी राहिले.
तिच्या पोटात काही आहे, हे त्याला ठाऊक आहे.
गोठ्याच्या दारावर खडूनं तारीखही लिहिली असेल.
माझ्याबाबतीत
असं छातीठोक सांगणारं कुणी नाही.
मी आटवतेय स्वतःला
की आटलेय आधीच,
हे कुठल्या डॉक्टरला दाखवायचं?

पहिले चार दिवस खरंच ओरडले.
पाचला जाग, हात टेबलावर काहीतरी चाचपणारे,
भाजीच्या यादीतसुद्धा
'कोथिंबीर' हा शब्द दोनदा खोडला, चांगला लागत नव्हता म्हणून.
पाचव्या दिवशी सातपर्यंत झोपले.
सोसायटीत कुंभोजकर बाईंनी नेहमीसारखं विचारलं,
'कुठवर आली कादंबरी?'
'माळ्यावर,' मी म्हणाले.
त्यांना वाटलं, प्रकरणाचं नाव आहे.

गेल्या आठवड्यात एका लग्नाला केर्लीला जाताना
बस पुलावरून गेली.
बघायचं नाही असं ठरवून बघितलं.
कठड्याशी एक बाई निर्माल्य टाकत होती.
बाकी कुणी नाही.
गेला म्हणजे.
कुठल्या बाजूला, ते मात्र
मला सांगून गेला नाही.

आणि काल भिंतीवर मुंग्यांची रांग,
घड्याळाला वळसा घालून थेट माळ्यापर्यंत.
खोक्याच्या घडीत गुळाचा चुरा राहिला असणार.
स्टूल ओढलं, फडकं घेतलं, एक पाय वर ठेवला,
आणि उतरले.
येणाऱ्या रिकाम्या होत्या.
जाणाऱ्यांच्या तोंडात काहीतरी होतं,
बारीक, तांबूस.
खाऊ देत.

स्टूल अजून तिथंच आहे.