प्रमाण

नारिनच्या वसतिगृहात, सतरा नंबरच्या खोलीत
आम्ही चौघी आणि एक तवा.
तवा स्वयंपाकाचा नाही.
त्यावर फक्त जाडं मीठ भाजायचं,
तडतडलं की उलकानच्या लोकरी मोज्यात ओतायचं,
गाठ मारून ओटीपोटावर ठेवायचं.
मोजा एकच. जिची पाळी, तिचा.
दोघींची एकदम आली तर
अर्धा अर्धा तास, घड्याळ लावून, भांडून.

कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीच्या खुणा:
उलकानचा ठिपका, माझी फुली,
सायकालचा चंद्र, तिला उगाच हौस.
बेगिमायची खूण नव्हती.
महिन्यातून एकदा ती पहाटे उठायची,
न्हाणीघरात नळ सोडून बसायची.
आम्ही म्हणायचो, केस धुत असेल.
असं म्हणणं सोयीचं होतं.

ऑक्टोबरात नदीकाठी सर्वेक्षणाचं प्रात्यक्षिक.
वारा असा, की डोळ्यांतलं पाणी कानात जावं.
तिकडे बेगिमाय, तीन मीटरची पट्टी धरून.
इकडे दुर्बिणीला डोळा लावून मी.
पट्टी डुलली. सरळ झाली. पुन्हा डुलली.
आगाय ओरडले, "सरळ धर गं!
तुझी नदी काय चढावर वाहते?"
सगळे हसले.
मीही हसले, तेही या नोंदीत असू दे.

आमची दुर्बीण जुनी, सगळं उलटं दाखवणारी.
म्हणून बेगिमाय पडली
तेव्हा मला ती वर जाताना दिसली.

शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य:
"आकडा घेतलास ना?"

दवाखान्यात कागद दिला, शून्य ते दहा.
तिने तीन लिहिलं.
मी कोपर मारलं, तर कुजबुजली,
"आईने मला कुरणावर, तंबूत जन्म दिला,
बाहेर बर्फ, घोडा खोगीर घालून तयार,
आणि न्यायला रस्ता नाही.
दहा तिचे. त्यातले मी कसे घेऊ?"
डॉक्टरीणबाई तीन वाचून म्हणाल्या,
"लग्न झालं की थांबेल."
पुढची मुलगी आत आली.

त्या रात्री बेगिमायने नकाशाचा कागद पसरला.
बेंबीपासून मांड्यांपर्यंतचा मुलूख
तिने समोच्च रेषांनी भरून काढला.
उजवीकडे रेषा विरळ, मेंढ्या चरतील असा उतार.
डावीकडे इतक्या दाट
की पेन्सिलीला दोनदा टोक करावं लागलं.
एक खिंड, पाठीकडे जाणारी.
एक ठिकाण कोरं. विचारलं तर म्हणाली,
"तिथे मी जागी नसते."
मोज्यातलं मीठ केव्हाच निवलं होतं.
कोणीच उठलं नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा चौघी गेलो.
डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा धरला, सुलटा केला,
चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग विचारलं,
"प्रमाण काय?"
"एक सेंटिमीटर बरोबर एक तास," बेगिमाय म्हणाली.
त्यांनी खिशातून पट्टी काढली
आणि मोजायला लागल्या.

बिश्केकच्या इस्पितळाची चिठ्ठी मिळाली. सोनोग्राफी.
पुढचं मला माहीत नाही, उद्या कळेल.
आज आम्ही दोघी बसमध्ये आहोत.
डोलोन घाट उतरेपर्यंत मोजा गार पडला.
कोचकोरला बस थांबली, चहाला दहा मिनिटं.
मी टपरीवाल्या बाईला विचारलं,
तुमच्या चुलीवर हे मीठ जरा तापवून मिळेल का?

तिने मोजा पाहिला.
खिडकीला टेकलेली बेगिमाय पाहिली.
गिऱ्हाइकाचा मासा कढईतून काढला, बाजूला ठेवला,
कढई पुसली,
आमच्या मिठात स्वतःची एक मूठ टाकली.
ड्रायव्हरने हॉर्न दिला.
मान वर न करता ती म्हणाली,
"वाजवू दे त्याला.
अजून तापलं नाही."