पडद्यापर्यंत

आधी काळोख करायचा.
खिडक्यांना काळा कागद, दाराच्या फटीला पोतं,
मग क्वार्ट्झच्या नळीत दिवा,
दिव्याभोवती पाणी,
पाण्यात टायटॅनियमची पांढरी पूड
आणि औसा रोडच्या एका डाईंगवाल्याचा
उरलासुरला निळा रंग,
जो उजेडानंच मारायचा.

रंग मरतो, हे सगळ्यांना ठाऊक.
उजेड कुठे किती गेला, कुणी खाल्ला
एवढाच माझा प्रबंध.

रात्री संगणकात फोटॉन सोडते,
एकेक करून दहा लाख.
प्रत्येकाला विचारते,
कण भेटला का रे? गिळला, की वळवला?
वळलास तर किती अंशांत?
तो सांगत नाही. मी फासे टाकते, तो हलतो.
काही धडकून उलटे येतात
दिव्याच्याच अंगावर.
काही बाहेरची काच ओलांडून जातात,
त्यांच्यासाठी एक रकाना आहे: वाया.

केंद्रे सर म्हणाले, पूड वाढव.
वाढवली.
दिव्यालगतचं पाणी दुधासारखं झगझगलं,
आणि दोन बोटांपलीकडे मध्यरात्र.
कमी केली,
तर उजेड पाण्यातून आरपार निघून गेला
घाईतल्या पाहुण्यासारखा,
चहासुद्धा न घेता.

मधली मात्रा सापडली, तरी
गणित म्हणायचं, चाळीस मिनिटांत रंग निम्मा.
नळी म्हणायची, अठ्ठावन्न.
तीन आठवडे. अठ्ठावन्न.

मग एका रात्री मी
विखुरण्याचा गुणांक थोडा वाकवला.
जास्त नाही. कुणी विचारलं असतं तर
दोन संदर्भ देता आले असते.
वक्र मापांवर अलगद बसला,
शिंप्यानं अंगावर बेतल्यासारखा.
झोप नाही लागली.

खाजाभाई लॅबमध्ये अकरा वर्षं.
त्याआधी माळेगावच्या जत्रेत, तंबूच्या टॉकीजमध्ये
मशीन चालवायचे.
माझा आलेख त्यांनी चष्मा वर करून बघितला,
उलटा धरून, मग सुलटा.

"म्याडम, तंबूत हवा साफ असली ना,
तर उजेडाचा पट्टा दिसायचाच नाही.
बिड्या पेटल्या की दिसायचा, जाडजूड.
पब्लिक म्हणायची, वा, काय उजेड हाय!
मला म्हाईत, जेवढा दिसला
तेवढा पडद्यापर्यंत गेला नाही."

मी म्हटलं, हेच तर लिहिलंय मी, साठ पानं.

"लिवलं असंल. पण पडदा अंधारला
तर मी धुराला शिव्या नाही दिल्या कधी.
आधी भिंग पुसायचो."

त्यांनी दिव्याची नळी उपसली,
तिच्या दुहेरी काचेतून दिवा गार ठेवायला
लातूरच्या बोअरचं पाणी फिरतं, दोन वर्षं.
खिडकीपाशी धरली.
आतून पांढुरका थर,
आमच्या घरच्या तांब्याला असतो तसाच.
कुठल्याच समीकरणात तो नव्हता.
माझ्या फोटॉननी तो कधी पाहिला नव्हता,
ते थेट पाण्यात जन्मायचे.

खाजाभाईंनी कुठूनशी शिरक्याची बाटली काढली.
नळीत ओतला. फसफसला.
बराच वेळ आम्ही दोघं फसफस ऐकत बसलो.

एक्केचाळीस.

गुणांक परत होता तिथे नेऊन ठेवला,
हात चोळत, चोरलेली वस्तू ठेवावी तसा.
गणितात एक भिंत वाढवली
आणि तिचं नाव कोडमध्ये बोअर असं लिहिलं.
सर म्हणाले, हे इंग्रजीत नीट लिही.

"आन ते एक मिनिट?" खाजाभाई.
माहीत नाही, म्हटलं.
तेही तसंच लिहिलंय, पान एकसष्ट,
सरांनी त्याभोवती लाल गोल केलाय.

कागद काढला तेव्हा चार वाजलेले.
तिरपं ऊन आत आलं,
धुळीत पट्टा उमटला, जाडजूड.
पोतं झटकणारे खाजाभाई थांबले
आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागले.